दहा पोती युरिया टाकून पण टनेज का घटतंय, रानाचा जमाखर्च मांडून बघूया

वाळवा तालुक्यातल्या एका दादांनी विचारलंय, त्यांचा प्रश्न थोडक्यात असा. एक एकर काळं रान, त्यात आडसाली (पावसाळ्यात लावलेला) ऊस, जात 86032, दहा वर्षांमागं 65 टन जायचा आता 50 वर आलाय. खत मात्र दरसाल वाढतंय, यंदा एकरी युरिया 10 पोती, डीएपी 5, 10:26:26 ची 3 आणि पोटॅश 1. माती तपासून आणली त्यात सामू (pH) 8.3, सेंद्रिय कर्ब 0.46 टक्के, स्फुरद (फॉस्फरस) 'अत्यंत जास्त', पालाश (पोटॅश) 'भरपूर'. पाचट (उसाची वाळली पानं) पेटवतात, पाणी पाटानं, विहिरीचं. आणि शेवटी विचारलंय, अजून कुठलं खत वाढवू?

दादा, आधी एक करा, कुठलंही नवीन पोतं आणू नका. मी सत्तावीस वर्षं कराड, इस्लामपूर, तासगाव या पट्ट्यात मातीचे रिपोर्ट वाचायचं आणि रानात जाऊन बघायचं काम करतोय आणि तुमच्यासारखा रिपोर्ट माझ्यासमोर आठवड्याला दोन-तीन तरी येतोच. तुमच्या रानात खत कमी नाही. जमेची बाजू तुम्ही नुसती पोत्यात मोजताय आणि खर्चाची बाजू मोजतच नाही, म्हणजे बँकेत पगार किती जमा झाला ते बघायचं आणि कुठनं कुठनं कटतंय ते बघायचंच नाही असं झालंय. तर आता आपण वही घेऊन बसू.

पहिल्यांदा पोत्यांचं किलोत रूपांतर. युरियाचं पोतं 2018 पासनं 45 किलोचं आहे, 46 टक्के म्हणजे एका पोत्यात 20.7 किलो नत्र (नायट्रोजन). डीएपी 50 किलोत 9 किलो नत्र 23 किलो स्फुरद. 10:26:26 च्या पोत्यात नत्र, स्फुरद, पालाश 5, 13, 13. पोटॅशच्या पोत्यात 30 किलो पालाश. तुमची बेरीज केली तर नत्र होतं 267 किलो, स्फुरद 154, पालाश 69. आता आडसालीची शिफारस बघा, हेक्टरी नत्र, स्फुरद, पालाश 400:170:170, म्हणजे एकरी 160:68:68, आणि 86032 ला पंचवीस टक्के जादा धरायचं, म्हणजे साधारण 200:85:85.

आणि पीक खरंच किती उचलतं? एक टन ऊस तयार व्हायला ढोबळमानानं 1.2 किलो नत्र, अर्ध्या किलोच्या आसपास स्फुरद, आणि 2 किलो पालाश लागतो. तुमच्या 50 टनाला म्हणजे 60 किलो नत्र, 25 ते 30 किलो स्फुरद, 100 किलो पालाश. आता तीन आकडे शेजारी शेजारी लिहा. नत्र दिलं 267, उचललं 60. स्फुरद दिला 154, उचलला 30. पालाश दिला 69, उचलला 100. हे बघितल्यावर मला वाटत नाही की अजून कुठलं खत टाकू हा प्रश्न शिल्लक राहतो. नत्र दोनशे किलो कुठंतरी गेलंय, स्फुरद सव्वाशे किलो रानात साठलाय, आणि पालाश तुम्ही रानाच्या मुद्दलातनं काढून खाताय. तिन्हींचं दुखणं वेगळं आहे, म्हणून औषध पण वेगळं.

स्फुरदापासनं सुरू करतो कारण तो सगळ्यात सोपा आहे आणि सगळ्यात जास्त पैसा तिथंच पुरलाय. स्फुरद हवेत उडत नाही, पाण्याबरोबर खाली फारसा जात नाही, तो जागचा हलत नाही म्हटलं तरी चालेल. आपल्या काळ्या चुनखडीच्या रानात सामू 8 च्या वर असला की टाकलेला स्फुरद चुन्याबरोबर बांधला जातो, त्या वर्षी पिकाला मिळतो टाकलेल्याच्या पंधरा-वीस टक्के. म्हणून पूर्वी शिफारस उचलीपेक्षा जास्त ठेवली, ती बरोबरच होती कारण रानं तेव्हा स्फुरदाला उपाशी होती. पण आता दहा-पंधरा वर्षं डीएपी पडून पडून तुमच्या रानात काही शे किलो साठलेत, ते हळूहळू सुटत राहतात. रिपोर्टवर 'अत्यंत जास्त' लिहून आलंय ते उगाच नाही. आणि जास्त झालेला स्फुरद नुसता पडून राहत नाही, तो जस्ताची आणि लोहाची वाट अडवतो. तुमच्या खोडव्यात (तोडणीनंतर बुडख्यातनं परत फुटलेल्या उसात) पानं पिवळी पांढरी पडतात का, नवीन पान शिरा हिरव्या आणि मधनं फिकं असं? आपल्याकडं त्याला केवडा पडला म्हणतात, तो लोहाच्या कमतरतेचा, चुनखडीच्या रानात हमखास. माणसं केवडा बघून युरिया टाकतात. एकरी 10 किलो फेरस सल्फेट आणि 8 किलो झिंक सल्फेट चांगल्या कुजलेल्या शेणखतात आठवडाभर मुरवून द्या, बाकी मायक्रोन्यूट्रियंटच्या बाटल्यांच्या नादाला आत्ता लागू नका.

एक गोष्ट ध्यानात ठेवा, पोत्यावरचा स्फुरद आणि रिपोर्टमधला स्फुरद यांचं माप एक नसतं, बऱ्याच लॅब मूलद्रव्याच्या रूपात आकडा देतात. पोत्यावरच्या आकड्याला 0.44 नं गुणा म्हणजे रिपोर्टच्या मापात येतो. पालाशला 0.83. हे न कळल्यामुळं चांगले शिकलेले लोक पण घोटाळा करतात.

तर स्फुरद निम्म्यावर आणा. शिफारशीच्या 85 चे 42 केले तरी ते पिकाच्या उचलीपेक्षा जास्तच आहेत, म्हणजे रान उपाशी राहणार नाही. दोन पोती डीएपी झाली की काम झालं, किंवा पाच पोती सिंगल सुपर फॉस्फेट घ्या, त्यात गंधक पण 11 टक्के येतंय आणि सामू 8.3 ला ते बरंच. 10:26:26 पूर्ण बंद. तीन पोती डीएपी वाचली, 1,350 नं धरली तर चार हजार रुपये तिथंच मोकळे झाले.

आता नत्र. हे अवघड आहे, कारण नत्र बँकेत ठेवता येत नाही. यंदा जास्त टाकलेलं पुढच्या वर्षी हिशोबाला सापडत नाही. मागच्या जूनमधलीच एक गोष्ट सांगतो, बोरगावच्या बाजूला एका रानात गेलो होतो, दुपारचे बारा, आदल्या दिवशी पाणी दिलेलं, सरीत चिखल, आणि दोन गडी बादलीनं युरिया फेकत चाललेले. पांढरे दाणे ओल्या मातीवर पडले की दहा मिनिटात पाझरून नाहीसे. मालक म्हणाले बघा कसा मुरला. मुरला नव्हता. मी त्यांना म्हटलं उद्या परवा सकाळी सरीत खाली वाकून वास घ्या. तिसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला, गोठ्यात मुताचा येतो तसा उग्र वास येतोय म्हणाले. तो अमोनिया, म्हणजे त्यांच्या पोत्यातलं नत्रच हवेत चाललेलं. युरिया ओल्या मातीला लागला की दोन-चार दिवसात त्याचा अमोनिया होतो, तो मातीखाली असला तर माती धरून ठेवते, वर असला आणि माती विम्ल, म्हणजे जास्त सामूची, असली तर उडतो, आणि ऊन असलं तर विचारूच नका.

जो उडाला नाही त्याचा पुढच्या दोन-तीन आठवड्यात नायट्रेट होतो. नायट्रेटला माती धरत नाही, कारण मातीचा कण आणि नायट्रेट दोघांवर सारखाच भार, एकमेकाला ढकलतात. मग पाटानं सरी तुडुंब भरून दिलेलं पाणी त्याला घेऊन खाली जातं, आधी मुळीच्या खाली, मग विहिरीत. आणि पाणी साचून राहिलं तर तिसरी वाट, हवा न मिळालेले जिवाणू नायट्रेटमधला प्राणवायू खातात आणि नत्र वायू होऊन निघून जातो. 2019 ला आणि 2021 ला कृष्णाकाठची रानं कित्येक दिवस पुराखाली होती, पाणी ओसरल्यावर ऊस पिवळाधमक, लोक म्हणाले गाळ आला म्हणजे रान सुधारलं. गाळ आला ते खरंय, पण त्या हंगामाचं नत्र संपलं होतं, ज्यांनी वाफसा आल्याबरोबर थोडा हप्ता दिला त्यांचा ऊस सावरला.

म्हणून नत्राच्या बाबतीत किती टाकलं यापेक्षा कधी आणि कुठं टाकलं याला जास्त किंमत आहे. 200 किलो ठेवा. दोन पोती डीएपीतनं 18 येतात, राहिलेल्याला नऊ पोती युरिया. तुम्हाला वाटेल दहाची नऊच केली, एवढं सांगायला एवढी बडबड? पण ही नऊ पोती अशी द्या, लागणीला दहावा हिस्सा, सहा ते आठ आठवड्यात चाळीस टक्के, बारा ते सोळा आठवड्यात पुन्हा दहावा हिस्सा आणि मोठ्या भरणीला (उसाच्या बुडाला माती लावताना) राहिलेलं चाळीस टक्के. प्रत्येक वेळी बोदाच्या बगलेला चळी काढून आत, वरनं माती, मग हलकं पाणी. फेकायचं नाही. मजूर जास्त लागतो हे मला माहीत आहे, पण एक पोतं युरिया 266 रुपयाचं आणि वाया गेलेलं नत्र परत आणायला दुसरं पोतं, असं नुसतं रुपयाचं गणित नाही ते, विहिरीचं पण आहे.

विहिरीचं पाणी तपासलंय का कधी? नसेल तर तपासा, क्षारता आणि नायट्रेट दोन्ही. एक एकराला 8 सेंटिमीटर पाणी दिलं म्हणजे सव्वातीन लाख लिटरच्या आसपास पाणी जातं. त्या पाण्याची क्षारता 1 (रिपोर्टवर dS/m लिहितात) असली, आपल्याकडं कित्येक विहिरींची त्याहून जास्त आहे, तर एका पाळीत दोनशे किलो क्षार रानात येतात. दोनशे किलो! चार पोती मीठ एका पाण्याला. हे पण जमेच्या बाजूला लिहायचं असतं, कुणी लिहीत नाही, मग निचरा नसलेलं रान दहा वर्षात पांढरं पडलं की नशिबाला दोष. वाळवा, पलूस, मिरज पट्ट्यात जी चोपण क्षारपड रानं झालीत ती बहुतेक अशीच झालीत. उलट बाजू पण आहे, पाण्यात नायट्रेट लिटरला 45 मिलिग्रॅम असलं, जी प्यायच्या पाण्याची मर्यादा आहे, तर त्याच एका पाळीत सव्वातीन किलो नत्र आपोआप येतं, वीस पाळ्या धरल्या तर 65 किलो. म्हणजे तुमच्याच युरियाचं नत्र विहिरीत जाऊन परत येतंय आणि तुम्ही वरनं आणखी टाकताय. अशा विहिरीचं पाणी घरात लहान मूल असलं तर प्यायला देऊ नका, ही गोष्ट मी प्रत्येक घरात सांगतो. ठिबक केलात तर पाणी आणि नत्र दोन्ही मुळीपाशीच राहतात, खतात पाव हिस्सा तरी वाचतो, जमेल तेव्हा करा.

पालाशकडं आता येतो. रिपोर्टवर 'भरपूर' आलंय म्हणून तुम्ही एकच पोतं टाकताय, आणि बऱ्याच जणांचा सल्ला पण तोच असतो. काळ्या मातीच्या चिकणकणात पालाशचा मोठा साठा असतो, वरचा संपत आला की आतला थोडा थोडा सुटतो, म्हणून रिपोर्टचा आकडा कित्येक वर्षं हलत नाही. याचा अर्थ पालाश जात नाही असा नाही. जातोय, आणि उसाबरोबर सगळ्यात जास्त तोच जातोय. एकदम घाबरून जायचं काम नाही, तीन पोती पोटॅश निम्मं लागणीला निम्मं मोठ्या भरणीला, एवढं पुरेल. पण खरा पालाश तुमच्याकडं रानातच आहे आणि तुम्ही त्याला काडी लावताय.

पाचटावर मला जरा जास्त बोलू द्या. वर जे 1.2 आणि 2 किलोचे आकडे दिले ते अख्ख्या पिकाच्या उचलीचे आहेत, पान, वाडं (उसाचे हिरवे शेंडे), मुळी सगळं धरून. कारखान्याला जाणाऱ्या मोळीतनं त्यातला एक भागच जातो, बाकीचं पाचटात आणि वाड्यात असतं. एकरी तीन ते चार टन वाळलं पाचट पडतं, त्यात अर्धा टक्का नत्र धरलं तर पंधरा-वीस किलो, पालाश तीस-चाळीस किलो, स्फुरद पाच-सात किलो. पेटवलं की नत्र जवळपास सगळं आणि गंधक बरंचसं धूर होऊन जातं. पालाश राखेत राहतो पण ती राख पहिल्या वाऱ्याला बांधाच्या पलीकडं. मी स्वतः माझ्या तीन एकरात बारा वर्षं पाचट पेटवलंय, सगळेच पेटवायचे, खोडवा लवकर फुटतो म्हणून. पहिल्यांदा ठेवलं त्या साली शेजाऱ्याच्या रानातनं आग आली आणि निम्मं पाचट गेलं, निम्मं राहिलं. पुढच्या उन्हाळ्यात एकाच सरीत दोन भाग दिसत होते, जळक्या भागाला पाचव्या दिवशी भेगा, पाचटाच्या भागात नवव्या दिवशी पाचट बाजूला केलं तर खाली ओल, पांढऱ्या मुळ्या पाचटात वर चढलेल्या आणि गांडुळाची विष्ठा. त्यानंतर काडी लावलेली नाही.

पाचट ठेवायचं म्हणजे नुसतं टाकून द्यायचं नाही. त्यात कर्ब फार आणि नत्र कमी, म्हणून कुजवणारे जिवाणू मातीतलंच नत्र ओढतात आणि खोडवा सुरुवातीला पिवळा दिसतो, मग माणूस म्हणतो पाचटानं पीक मारलं. बुडखे जमिनीलगत छाटून घ्या, पाचट एक आड एक सरीत दाबा, एका टनाला 8 किलो युरिया, 10 किलो सुपर फॉस्फेट आणि 1 किलो पाचट कुजवायचं जिवाणू खत टाका, पाणी द्या. चार टनाला म्हणजे 32 किलो युरिया, पाऊण पोत्याहून कमी.

कर्ब 0.46 चा 1 कधी होईल असं पुढं विचाराल म्हणून आधीच सांगतो. एकराच्या वरच्या वीतभर मातीचं वजन नऊ लाख किलोच्या आसपास. कर्ब 0.1 नं वाढवायचा म्हणजे नऊशे किलो कर्ब मातीत टिकला पाहिजे. चार टन पाचटात सोळाशे किलो कर्ब असतो, त्यातला बहुतेक हवेत जातो, मातीत टिकतो दीड-दोनशे, फार तर तीनशे किलो. म्हणजे 0.1 ला तीन ते सहा वर्षं. एका वर्षात कर्ब दुप्पट करतो म्हणून बाटली विकणारा कुणी आला तर हे गणित त्याच्यासमोर मांडा.

शेणखताचं पण असंच. चांगलं कुजलेलं असलं तर टनाला 5 किलो नत्र, 2 किलो स्फुरद, 5 किलो पालाश. पण उकिरडा उघड्यावर, पावसात धुतलेला, उन्हात वाळलेला असला तर त्यातलं नत्र आधीच गेलेलं असतं, तुम्ही ट्रॉली भरून माती आणता. खड्डा करा, वर माती किंवा पाचटाचा थर द्या, गोमूत्र त्यातच जाऊ द्या. गोठ्यात बाहेरनं येणारी सरकी पेंड ही पण रानाची जमाच आहे, शेणातनं येते. आणि वाडं तोडकऱ्यांनी विकलं किंवा दुसऱ्याच्या गोठ्यात गेलं तर तो खर्च, तुमच्याच म्हशीला गेलं आणि शेण रानात आलं तर खर्च नाही. माणदेशातली धनगर मंडळी मेंढरं घेऊन येतात तेव्हा दोन-चार रात्री रानात बसवून घ्या, लेंडी आणि मूत जागच्या जागी मुरतं, आमचे आजोबा त्यासाठी धान्य मोजून द्यायचे, त्यांना रिपोर्ट लागत नव्हता.

एक खर्च बांधावरनं पण जातो. एकरातली मिलिमीटरभर माती वाहून गेली तर पाच टन माती गेली, त्यात अडीच किलो नत्र आणि पंचवीस किलो कर्ब. तुमच्या सपाट रानात हे कमी असेल, पण पाटण, जावळीच्या उताराच्या रानात किंवा जत, आटपाडीच्या उघड्या माळावर एका वळवात एवढं सहज जातं, तिथल्या मंडळींनी पोत्याआधी बांध बघावा.

आणि बेवड, म्हणजे पिकाची फेरपालट. ऊस-खोडवा-ऊस-खोडवा किती वर्षं चाललंय तुमच्या रानात? लिहिलं नाहीत, पण अंदाज येतोय. पुढच्या खोडव्यानंतर सोयाबीन किंवा भुईमूग घ्या, नाहीतर ताग धैंचा पंचेचाळीस दिवसात फुलोऱ्याच्या आधी गाडा. टनेज घटायला निव्वळ खत कारण नसतं, दाबून घट्ट झालेली माती, कुजलेली मुळी पण असते. एक काम आत्ता करा, सरीत फावड्यानं दीड फूट खणा आणि मुळ्या कुठपर्यंत गेल्यात बघा. अर्ध्या फुटावर आडव्या वळल्या असतील तर खाली ट्रॅक्टरनं दाबलेला थर आहे, मग आधी उन्हाळ्यात सबसॉयलर फिरवा, नाहीतर वर लिहिलेलं सगळं अर्धंच लागू पडेल.

वही अशी ठेवा, डावीकडं रानात काय आलं, खत, शेणखत, पाणी किती पाळ्या, उजवीकडं काय गेलं, टनेज, वाडं, पाचट पेटलं का, पाणी साचलं का. तारीख घालून. माती दर दोन-तीन वर्षांनी तोडणीनंतर खत टाकायच्या आधी, त्याच महिन्यात, आठ-दहा ठिकाणची वीतभर खोलीची घ्या, बांधाजवळची, उकिरड्याची, झाडाखालची नको. विहिरीच्या पाण्याचा रिपोर्ट आला की क्षारता आणि नायट्रेटचा आकडा मला सांगा, युरियाची नऊ पोती आठ करता येतील का ते त्यावरनं ठरवू. आणि यंदाचं वाडं कुणाच्या गोठ्यात गेलं ते पण लिहा.